बादुआनजिन: पाचवा तुकडा कुठवर आला

बादुआनजिन म्हणजे आठ हालचालींचा, म्हणजे आठ ‘तुकड्यां’चा, चिनी व्यायाम. त्यातले पहिले चार तुकडे बसले. फक्त दुसऱ्यात, धनुष्य ओढताना, ओढणाऱ्या हाताचा खांदा अजून वर चढतो. कोपर जरा खाली सोडलं की तो आपोआप उतरतो.

आता सगळा वेळ पाचव्यावर, म्हणजे डोकं आणि शेपूट (माकडहाड) हलवून हृदयाची आग काढण्यावर. आठांत हाच सगळ्यात अवघड. चीनच्या क्रीडा प्रशासनाने २००३ च्या सुमारास प्रमाणित केलेल्या संचातला क्रम आपण धरलाय: दोन पावलांत आपल्या तळपायाच्या दोन-तीन लांबींएवढं अंतर, घोडबैठक (घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून), मांड्या आडव्या रेषेच्या किंचित वर, तळवे गुडघ्यांच्या वर मांडीवर. वजन उजवीकडे, धड उजवीकडे कलतं, नजर उजव्या पावलावर. मग धड पुढून फिरत डावीकडे जातं, नजर मात्र तिथेच. शेवटी वजन परत उजवीकडे आणत घोडबैठकीत यायचं, तेव्हा डोकं मागून फिरतं आणि धड उभं होतं. लगेच हनुवटी किंचित आत. मग दुसरी बाजू. दोन्ही बाजू मिळून सहा वेळा.

चुकतं कुठे? बहुतेक जण मान फिरवतात आणि माकडहाड जागच्या जागी राहतं. डोकं आणि माकडहाड एकमेकांच्या उलट दिशेला जायला हवेत, तरच सातव्या मानेच्या मणक्याखालच्या दाझुई या अॅक्युपंक्चर बिंदूपासून खालपर्यंत कणा हलतो. चिनी वैद्यकाच्या मते आग वर चढलेली असते, तिला कंबरेतल्या मूत्रपिंडांचं पाणी आवरतं. कंबर हललीच नाही तर हा तुकडा कशाला करायचा? उपाय साधा: आठवडाभर डोकं विसरून फक्त माकडहाडाने वर्तुळ काढा. मग मान सैल सोडून जोडा.

योगासनांची सवय असलेल्यांना एक विशेष सांगणं: इथे ताण शेवटपर्यंत न्यायचा नाही. श्वास रोखू नका, नैसर्गिक चालू द्या.

मानेचा स्पॉन्डिलोसिस, चक्कर किंवा उच्च रक्तदाब असेल तर वर्तुळ लहान ठेवा, बैठक उंच घ्या, डोकं कंबरेखाली नेऊ नका. गुडघे आत कोसळत असतील तर पावलं जवळ घ्या. बैठक खोल करण्यापेक्षा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत राहणं महत्त्वाचं आहे. औषधं चालू असतील ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

सहाव्याची तयारीही सुरू केली आहे: गुडघे सरळ ठेवून हात पाठीवरून पायांपर्यंत घासत न्यायचे, आणि उठताना आधी हात वर, मग धड.