रणगाड्यांचे क्रमांक आणि माझी मुलाखत

गुप्तवार्तेच्या विश्लेषणासाठी सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर केलेली परिस्थितीची नक्कल, वापरणाऱ्या एका गटात माझी निवड झाली. संस्थेचे नाव येथे लिहिणे उचित नाही. गेट या अभियांत्रिकी पदवीधरांच्या परीक्षेतील गुणांवरून यादी लागली, पुढे मुलाखत आणि शेवटी पोलीस पडताळणी झाली. गेटविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. दीड वर्ष अभ्यास केला, एवढेच.

मुलाखत दिल्लीत झाली. पुण्यातील गिरिनगरच्या डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीमध्ये मॉडेलिंग आणि सिम्युलेशन या विषयात एम.टेक. करताना मी दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांच्या संख्येचा प्रश्न संगणकावर मांडला होता, त्यावरच मंडळाने मला धरले. जून 1940 ते सप्टेंबर 1942 या काळात जर्मनी दरमहा सुमारे 1400 रणगाडे बनवते, असा दोस्त राष्ट्रांच्या हेरखात्यांचा अंदाज होता. हाती लागलेल्या रणगाड्यांवरील अनुक्रमांकांवरून संख्याशास्त्रज्ञांनी 246 हा आकडा काढला आणि युद्धानंतर सापडलेल्या जर्मन नोंदींत तो 245 निघाला. सूत्र सोपे आहे. समजा 14, 23, 56 आणि 68 हे चार क्रमांक मिळाले, तर सर्वांत मोठ्या क्रमांकात त्याचाच चौथा हिस्सा, म्हणजे 17, मिळवून एक वजा करायचा; एकूण रणगाड्यांचा अंदाज 84. माझ्या प्रोग्रॅमने अशा दहा हजार सोडती काढून अंदाज किती हलतो ते तपासले होते, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

एका ज्येष्ठ सदस्यांनी शांतपणे विचारले, “हे सूत्र तुम्हाला कधी फसवेल?”

मी अडखळलो. प्रत्येक रणगाडा हाती लागण्याची शक्यता सारखीच आहे आणि क्रमांक मध्ये न तुटता चढत जातात, ही दोन गृहीतके मी प्रोग्रॅममध्येच घालून ठेवली होती. त्यामुळे ती चुकीची असती, तरी दहा हजार सोडती काढूनही ती चूक दिसलीच नसती. मग आठवले की, त्या संख्याशास्त्रज्ञांनी मुख्य भर गिअरबॉक्सवरील क्रमांकांवर दिला होता, कारण त्यांच्याच मालिका अखंड होत्या. ते सांगितल्यावर ज्येष्ठ सदस्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

पडताळणीच्या अर्जात मागील पाच वर्षांचे पत्ते हवे होते. सदाशिव पेठेतील जुन्या वाड्यात हवालदार चौकशीला गेले, तेव्हा मालकीणकाकू म्हणाल्या, “मुलगा सरळ आहे, पण पाणी फार वापरतो.” हवालदारांनी वाक्याचा पूर्वार्धच लिहून घेतला.