क्रॉयडन: कालव्यावर रूळ, रुळांवर ट्राम

लंडनला येणाऱ्या पुष्कळ मराठी माणसांनी क्रॉयडन पाहिलेले असते, पण ते गाडीच्या खिडकीतून. गॅटविक विमानतळावरून शहराकडे निघाले की पाव तासात ईस्ट क्रॉयडन येते, डब्यातली बरीच माणसे उतरतात, जवळजवळ तितकीच चढतात आणि गाडी व्हिक्टोरियाच्या नाहीतर लंडन ब्रिजच्या दिशेने निघून जाते. विंबल्डनला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीला मी सांगितले की रविवार क्रॉयडनमध्ये घालवणार आहे, तेव्हा ती हसूच लागली. "अगं, तिथे कुणी काही बघायला जात नाही, गाडी बदलायला जातात. आपलं कल्याण समज." मी म्हटले, "ताई, मला ते गाडी बदलणंच बघायचंय." कारण या गावाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास म्हणजे वाहतुकीच्या एकामागून एक केलेल्या प्रयोगांचा इतिहास आहे, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रयोग आधीच्या प्रयोगाच्या जागेवर उभा आहे.

विंबल्डनहून ट्रामने निघाले की याची सुरुवात लगेच होते. सध्याची ट्रामसेवा मे २००० मध्ये सुरू झाली. तिने या बाजूला वापरलेली वाट १८५५ साली सुरू होऊन १९९७ साली बंद झालेल्या विंबल्डन–वेस्ट क्रॉयडन रेल्वेमार्गाची आहे. त्या रेल्वेने मिचमपासून पुढचा काही भाग आणखी जुन्या मार्गावरून नेला होता, तो मार्ग म्हणजे सरे आयर्न रेल्वे. संसदेने १८०१ साली तिला मंजुरी दिली आणि १८०३ साली ती टेम्सकाठच्या वाँड्सवर्थपासून क्रॉयडनपर्यंत सुरू झाली. तिच्यावर इंजिन नव्हते, घोडे होते. लोखंडी पट्ट्या काटकोनात वळवलेल्या असल्यामुळे साध्या चाकांची गाडी त्यांच्यावरून घसरत नसे. कंपनीची मालकी फक्त वाटेची होती. घोडा, गाडी आणि माल ज्याचा त्याने आणायचा आणि टोल भरून पुढे जायचे. वँडल नदीच्या काठी गिरण्यांची रांग होती, त्यांच्यासाठी कोळसा वर जाई आणि चुना, खडू, धान्य खाली येई. (टोल भरण्यावरून तेव्हाही किती वाद झाले असतील, याची कल्पना आपल्याला सहज करता येते.) १८४६ साली ही लोहवाट बंद पडली. मिचमजवळ ट्राम झाडांच्या बोगद्यातून संथपणे जाते, तेव्हा आपण घोड्यांच्या वाटेवर आहोत हे सांगणारे काहीही तिथे दिसत नाही.

हे सगळे मी दुसऱ्या ट्राममध्ये बसून पाहिले, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या ट्राममध्ये मी कार्ड न टेकवताच चढले होते, आत कुठेतरी यंत्र असेल या समजुतीने. आत यंत्र नव्हते. ते फलाटावरच्या खांबावर असते, पिवळ्या गोल चकतीचे, आणि चढण्यापूर्वीच कार्ड त्यावर टेकवायचे असते. पुढच्या थांब्यावर घाईघाईने उतरले, चकतीला कार्ड टेकवले आणि दहा मिनिटे थंडीत उभी राहिले. भाडे मात्र बसइतकेच आहे, अंतर कितीही असो.

अँपिअर वे या थांब्याजवळ दोन उंच विटकरी धुराडी दिसतात, त्यांच्या माथ्याला निळे-पिवळे पट्टे आहेत. पूर्वी इथे वीजकेंद्र होते, आता त्या जागी फर्निचरचे मोठे दुकान आहे. पुढे ट्राम रस्त्यावर येते, मोटारींच्या गर्दीत शिरते आणि गावाच्या मध्यभागाला एकेरी फेरी घालते. मी वेस्ट क्रॉयडनला उतरले.

वेस्ट क्रॉयडनचे स्टेशन पाहण्यासारखे नाही, पण ते ज्या जागी आहे ती जागा पाहण्यासारखी आहे. १८०९ साली इथे क्रॉयडन कालव्याचा धक्का होता. न्यू क्रॉसपासून इथवर होड्या चढवण्यासाठी तब्बल २८ जलद्वारे बांधावी लागली होती. नावाड्यांचा अर्धा दिवस दरवाजे उघडण्यात आणि मिटण्यातच जात असणार. धंदा बसला नाही. १८३६ साली कालवा बंद झाला आणि नव्या रेल्वे कंपनीने तो ४०,२५० पौंडांना विकत घेऊन त्याच्या काही भागावर रूळ घातले. ५ जून १८३९ रोजी लंडन ब्रिज ते क्रॉयडन गाडी सुरू झाली, म्हणजे आपल्या बोरीबंदर–ठाणे गाडीच्या चौदा वर्षे आधी. कालव्याचा एक लहानसा तुकडा ॲनर्लीच्या बेट्स पार्कमध्ये अजून आहे, त्यात आता बदके पोहतात.

याच कंपनीने पुढे जे केले ते मला सर्वांत मोहक वाटते. १८४६ च्या आरंभी फॉरेस्ट हिल ते क्रॉयडन अशी इंजिनाशिवाय धावणारी गाडी तिने सुरू केली. दोन रुळांच्या मधोमध लोखंडी नळ, नळात दट्ट्या, तो दट्ट्या वरच्या फटीतून डब्याला जोडलेला. मार्गालगतच्या पंपघरांतील वाफेची यंत्रे नळातली हवा ओढून घेत आणि मागच्या हवेच्या दाबाने दट्ट्या, पर्यायाने गाडी, पुढे ढकलली जाई. धूर नाही, ठिणग्या नाहीत. पण ती फट बंद ठेवण्यासाठी चामड्याची झडप होती आणि तिला चरबीचा लेप दिलेला असे. उन्हाळ्यात लेप पातळ झाला की हवा आत शिरे आणि गाडी वाटेतच थांबे. मे १८४७ मध्ये हा प्रयोग गुंडाळण्यात आला. या रुळांना वाफेच्या गाडीच्या रुळांवरून पलीकडे नेण्यासाठी नॉरवूडजवळ लाकडी पूल बांधला होता, तो जगातला पहिला रेल्वे उड्डाणपूल मानला जातो. प्रयोग फसला, पण त्याच्यासाठी निघालेली ही तोड मात्र जगभर रुजली.

ब्रायटनचा मार्ग १८४१ साली गावाच्या पूर्वेकडून गेला, तेच आजचे ईस्ट क्रॉयडन. १८०१ साली सहा हजारांच्या आत असलेली इथली लोकवस्ती शंभर वर्षांत सव्वा लाखाच्या वर गेली. त्याआधीचे क्रॉयडन म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपांचे उन्हाळी मुक्कामाचे गाव, आणि त्याही आधीचे म्हणजे केशराची दरी, कारण जुन्या इंग्रजीतल्या नावाचा अर्थ बहुतेक अभ्यासक तसाच लावतात. आर्चबिशप व्हिटगिफ्ट यांनी १५९६ ते १५९९ या काळात बांधलेला वृद्धाश्रम जॉर्ज स्ट्रीटच्या कोपऱ्यावर अजून उभा आहे आणि त्यात अजून वृद्धच राहतात. रस्ता रुंद करण्यासाठी तो पाडावा असे गावकारभाऱ्यांच्या मनात होते. १९२३ साली लॉर्ड्स सभागृहाने तो वाचवला. त्या लाल विटांच्या भिंतीला जवळजवळ खेटूनच ट्राम जाते.

ईस्ट क्रॉयडनच्या पलीकडे ऍडिसकम आहे. तिथल्या पाट्या वाचताना मी चांगलीच गोंधळले: हॅवलॉक रोड, कॅनिंग रोड, क्लाइड रोड, औट्रम रोड. १८०९ ते १८६१ या काळात इथे ईस्ट इंडिया कंपनीची लष्करी शाळा होती. हिंदुस्थानात पाठवायचे तोफखान्याचे आणि इंजिनिअरिंगचे अधिकारी इथे तयार होत आणि त्यांना हिंदुस्तानी भाषाही शिकवली जाई. शाळा पाडून जागा विकली गेली आणि नव्या रस्त्यांना १८५७ च्या धामधुमीतली नावे मिळाली. यातल्या औट्रमने १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली होती. धरणगावचा माणूस इथे आला तर त्याला ही पाटी माझ्याहून जास्त ओळखीची वाटेल.

दुपारी बसने पर्ली वे गाठला. क्रॉयडनचा विमानतळ इथे होता आणि १९२० पासून तो लंडनचा अधिकृत विमानतळ होता. १९२८ ची पांढरीशी इमारत शाबूत आहे, तिच्यासमोर एक छोटे विमान खांबांवर बसवले आहे. संकटात सापडलेले वैमानिक 'मेडे' असा जो पुकारा करतात, तो शब्द इथल्याच रेडिओ अधिकाऱ्याने, फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी सुचवला. ५ मे १९३० रोजी एमी जॉन्सन इथूनच एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली आणि १९ दिवसांनी डार्विनला उतरली.

पण मी थांबले ते टपालाच्या नकाशापुढे. ३० मार्च १९२९ रोजी कराचीचे पहिले हवाई टपाल इथून निघाले. बाझेलपर्यंत विमान, बाझेलहून जिनोआपर्यंत आगगाडी, तिथून पाण्यावर उतरणारे विमान आणि अलेक्झांड्रियाहून पुन्हा जमिनीवरचे विमान, असे सात दिवस लागत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एक इंजिनाचे छोटे विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ लंडनहून आलेले हेच टपाल होते. तिथल्या वयस्कर स्वयंसेवकांना मी जुहूबद्दल सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आमचे दुसरे टोक तुम्ही."

हा विमानतळ ३० सप्टेंबर १९५९ रोजी बंद झाला. भोवती घरे दाटली होती आणि धावपट्टी वाढवायला जागा उरली नव्हती. पुढच्या दशकात गावाने उंच इमारतींचा ध्यास घेतला. ईस्ट क्रॉयडनजवळची १९७० ची २४ मजली इमारत तर पन्नास पेन्सांची नाणी एकावर एक तिरकी रचल्यासारखी दिसते. मला ती आवडली, ताईला अजिबात आवडत नाही. भुयारी रेल्वे मात्र या गावापर्यंत कधीच आली नाही.

संध्याकाळी पर्ली वेच्या थांब्यावर बस आली. मी सवयीने खांबावर यंत्र शोधू लागले, तर ड्रायव्हरने हसून आतल्या पिवळ्या चकतीकडे बोट दाखवले.