कोयरीची रेघ तिसऱ्या तुकड्यावर थांबली

घरी कलमकारी, म्हणजे कापडावर कलमेने नक्षी काढून रंगवणं, करून बघतेय. आधीच्या दोन तुकड्यांवर कोयरीचं टोक दर वेळी फुटत होतं. काळा रंग तोच होता: गंजकं लोखंड आणि गूळ, पाण्यात पंधरा दिवस आंबवून गाळलेला. कलमही तीच. बदललं एवढंच की या वेळी कापड भिजवताना हिरड्याच्या पाण्यात म्हशीचं कच्चं दूध घातलं, पिळलं आणि उन्हात कडकडीत वाळवलं. दुधातल्या स्निग्धतेमुळे रेघ पसरत नाही. टोक इतकं नेमकं उतरलं की मी बराच वेळ नुसती बघत बसले.

कलमकारीतलं हे दूध 1742च्या एका पत्रातूनही युरोपला पोचलं. केर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या, नव्याने ख्रिस्ती झालेल्या कारागिरांना विचारून चीट, म्हणजे असं नक्षीदार सुती कापड, रंगवण्याची सगळी कृती फ्रान्सला लिहून धाडली. त्या काळात फ्रान्समध्ये हिंदुस्थानी चिटावर बंदी होती, ती 1759मध्ये उठली. कापड नको होतं, कसब मात्र हवं होतं. नाव राहिलं ते पाद्र्याचं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हात रंगवले त्यांचं नाही, आणि हे मला फार लागतं.

नमुने नेण्याची तऱ्हा आणखी थेट. 1866मध्ये फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडांचे 700 नमुने कापून 18 खंडांत चिकटवले. असे 20 संच निघाले, त्यांतले 13 ब्रिटनमध्ये राहिले. इथले लोक काय नेसतात ते तिथल्या गिरणीवाल्यांनी पाहावं आणि तसंच विणून इथे विकावं, हा उघड हेतू. लुगड्याचा, पागोट्याचा तुकडा कापला की नक्षी हाती येते, पण दूध कुठे घातलं हे त्या तुकड्यावरून कळत नाही. काश्मिरी शालीवरच्या कोयरीला तर इंग्रजीत नावच स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावाचं मिळालं. माझ्या वहीत ती कोयरीच आहे.

आता लाल. तुरटीचं पाणी डिंकात घट्ट करून पाकळ्या भरल्या आणि मंजिष्ठात उकळलं. लाल छान चढला, पण जमीन, म्हणजे कोरी राहायची जागा, गुलाबी झाली. चूक उकळण्याआधीच्या धुण्यात असावी. वाहत्या पाण्यात जास्तीची तुरटी निघून जाते, मी बादलीत बुचकळल्याने ती कोऱ्या जागी बसली आणि तिथेही रंग धरला. चौथा तुकडा नळाच्या धारेखाली धुणार आहे. कुणी हे घरच्या घरी, नदीशिवाय साधलं असेल तर धार किती वेळ ठेवलीत ते सांगा.