एका तासात ३४ वेळा ‘कळलं ना?’

मुख्याध्यापिकांनी माझा सहावीचा विज्ञानाचा तास पाहिला आणि लॉगबुकात एवढंच लिहिलं, ‘विद्यार्थ्यांना बोलू द्यावे.’ मला रागच आला. बारा वर्षं शिकवतेय, प्रश्नांशिवाय माझा एक तास होत नाही, आणखी काय बोलू द्यायचं? सही मात्र करावी लागली.

त्यांचं म्हणणं खोडून काढायचं म्हणूनच मी तास फोनवर रेकॉर्ड केला. त्यांना आणि पोरांना सांगून. पहिला दिवस वाया गेला; टेबलाजवळून जाणारं प्रत्येक पोर फोनकडे वाकून ‘हॅलो’ म्हणत होतं. तिसऱ्या दिवशी फोनचा सगळ्यांना विसर पडला, मलाही.

घरी जाताना एसटीत ते ऐकलं. आधी स्वतःचा आवाजच सहन होईना. मग टाचणवहीच्या मागच्या पानावर रेघा मारत गेले. ३५ मिनिटांत २६ प्रश्न, त्यातल्या १९ प्रश्नांची उत्तरं मीच दिलेली. ‘कळलं ना?’ ३४ वेळा, आणि त्यावर वर्गाचं सुरात ‘होऽऽ’. बाकीची सात उत्तरं पुढच्या बाकावरच्या तिघांची. मागून आवाज आला तो फक्त ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’

गंमत म्हणजे हे सगळं मला माहीत होतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी शिक्षकांच्या तासांच्या टेप ऐकून १९७०च्या दशकातच दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतो. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. बी.एड.ला मी यावर उत्तर लिहून गुणही मिळवले होते.

तीन सेकंद म्हणजे काय, असं वाटेल. फळ्यासमोर उभं राहून बघा. प्रश्न विचारला की जीभ आपोआप हलते. मी हातावरचा खडू झटकायची युक्ती काढली; दोन्ही तळवे नीट झटकेपर्यंत बोलायचं नाही.

संघननाचा पाठ होता. स्टीलच्या तांब्यात बर्फ घालून ठेवला होता. ‘बाहेरून हे पाणी कुठून आलं?’ विचारलं आणि खडू झटकू लागले. शांतता. पुढचे तिघंही गप्प. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, ‘तांब्या झिरपतोय, माठासारखा.’ माझ्या तोंडात ‘नाही’ आलंच होतं. रो बाईंनी दुसरं थांबणंही सांगितलंय, मुलाच्या उत्तरानंतरचं. ते पहिल्याहून अवघड, कारण चूक दुरुस्त केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. थांबले. कुणीतरी म्हणालं, ‘स्टील कसं झिरपेल रे?’ ‘मग हे काय आहे?’ दोघांची जुंपली. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी, जिचा आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता, म्हणाली, ‘आत शाई टाकून बघू ना.’

टाकली. बाहेरचे थेंब स्वच्छ. ‘म्हणजे आतलं नाही!’ मग हवेतल्या वाफेपर्यंत पोचायला मला फार बोलावं लागलं नाही. पाठ मात्र अर्धाच झाला. थांबायचं तर पोर्शन मागे पडतो, आणि घटक चाचणीच्या आठवड्यात मी अजूनही पूर्वीसारखीच धावते.

दर वेळी रेकॉर्डिंग ऐकायला सवड होत नाही. म्हणून त्या माठवाल्या पोराला काम दिलंय. मी ‘कळलं ना?’ म्हटलं की वहीच्या शेवटच्या पानावर ताळ्याची खूण करायची. तास संपला की वही दाखवतो. काल ११ होत्या. मी म्हटलं, नऊच असतील. तो म्हणाला, ‘बाई, दोनदा तुम्ही फळ्याकडे तोंड करून म्हणालात.’