फळ्यावर माझं नाव

मंगळवार, रात्री

सोमवारच्या सुट्टीनंतरचा मंगळवार आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सहसा धड जात नाही. त्यात सकाळपासून कोल्हापूरजवळच्या शिरोलीला पावसाची झड. साडेनऊला नेहमीप्रमाणे सगळे रिजेक्ट माल टाकायच्या लाल बिनपाशी जमलो. मेल्टिंग, मोल्डिंग, सँड लॅब, फेटलिंग (ओतलेला माल साफ करणारे), क्वालिटी. रिजेक्ट झालेला एक हाऊसिंग, म्हणजे यंत्राचं ओतीव कवच, फेटलिंगच्या पोरानं घणानं फोडून, आतली बाजू वर करून ठेवला होता. फ्लँजजवळ गुळगुळीत, चकचकीत पोकळी. खडबडीत असती तर श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडलेली, म्हटलं असतं; ही धातूत अडकलेल्या गॅसचीच. ब्लोहोल.

सँड लॅबवाल्यानं न विचारता रजिस्टर पुढं केलं. साच्याच्या सँडचं मॉइश्चर साडेतीन टक्क्यांच्या आसपास ठेवायचं, ते चारच्या वर गेलेलं. त्या ओलाव्याची वाफ होते, तोच हा गॅस. आकडा लपवला नाही, हे मला हाऊसिंग वाचण्यापेक्षा मोलाचं वाटलं.

आमच्याकडं ‘साहेब लई टेन्शनमध्ये असतात’ हे कौतुकानं बोललं जातं. टेन्शन घेणारा माणूस म्हणजे जबाबदार माणूस, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. कपाळावर आठ्या घालून शॉपवर फिरलं, दोघाचौघांवर आवाज चढवला, की आपल्याला काम केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात एवढंच होतं, की दुसऱ्या दिवसापासून लाल बिन रिकामी दिसायला लागते. भोकात लांबी (पुट्टी) भरली जाते, वर रंग बसतो आणि माल गाडीत चढतो. मग तोच ब्लोहोल कस्टमरच्या मशीनवर पहिल्या कटला उघडा पडतो. तोवर भाडं, मशीनिंगचा वेळ, टूल आणि आपली पत, सगळं गेलेलं असतं. म्हणून सकाळच्या मीटिंगला डोकं थंड ठेवणं हा माझ्या लेखी स्वभावाचा चांगुलपणा नाही. तो क्वालिटी कंट्रोलचाच भाग आहे.

आणि थंड डोकं म्हणजे सोडून देणं नव्हे. कस्टमरला पाठवायच्या रिपोर्टात कारवाईच्या रकान्यात ‘ऑपरेटरला समज दिली’ एवढंच लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. समज देऊन सँड वाळते होय? का, का, का असं विचारत खाली गेलो तर आज उत्तर असं निघालं: नवीन सँडच्या ढिगावरचा पत्रा गळतोय. पत्रा बदलणं ऑपरेटरच्या हातात नाही, सुपरवायझरच्याही नाही. फळ्यावर त्या कामापुढं माझं नाव आहे आणि तारीख उद्याची आहे. माझं नाव इतरांच्या रांगेतच लिहायचं, वेगळ्या कोपऱ्यात नाही, हा नियम मीच केलाय. त्याची किंमत म्हणजे मोल्डिंगचे मामा रोज सगळ्यांसमोर विचारतात, “साहेब, पत्र्याचं काय झालं?” विचारू देत. ज्याला खालचा माणूस जाब विचारू शकत नाही, त्यानं वरच्याला दिलेल्या जबाबाला फारसा अर्थ नसतो.

रात्रीच्या फोनांचा बंदोबस्त मात्र झाला, बरं झालं. फोन कधी करायचा हे शिफ्ट केबिनमध्ये लिहून लावलंय: कुणाला इजा झाली, फर्नेसच्या लायनिंगची, म्हणजे आतल्या अस्तराची, शंका आली, भट्टीत धातू असताना लाईट गेली, किंवा कस्टमरची लाईन आपल्यामुळं थांबणार असेल. बाकीचं सगळं सकाळी. सुरुवातीला सुपरवायझर बिचकले, “आम्ही ठरवलं आणि चुकलं तर?” ठरवलेलं रजिस्टरला लिहा, निर्णय माझ्या नावावर धरा, म्हटलं. आता कावळा नाक्यावरून घराकडं वळताना दर सिग्नलला मोबाईल बघत नाही. बायकोच्या मते अजूनही बघतो. असेल.

पुराचं वेगळंच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला. ते टेन्शन घेऊन नदी उतरत नाही. म्हणून जूनमध्येच यादी काढली: चिखली-आंबेवाडीकडून कोण येतं, शिये भागातून कोण, नदीच्या अलीकडं, शहराच्या बाजूला राहणारे किती, आणि त्यांच्याविना भट्टी चालवायची तर कुठला पार्ट आधी ओतायचा. पाणी चढलं की घर आवरायला जाणाऱ्याची रजा विचारायची नाही, हेही त्यातच लिहिलंय. एचआरनं जरा कुरकुर केली.

उद्या दहाला पत्र्याचं कोटेशन घेऊन मालकांसमोर बसायचंय. मागच्या खेपेला “पावसाळा होऊ दे” म्हणाले. आज फोडलेला हाऊसिंग पिशवीत घालून केबिनमध्ये ठेवलाय, तो टेबलावर ठेवूनच बोलणार. त्यांनी पुन्हा पुढं ढकललं तर फळ्यावर कुणाचं नाव लिहायचं, हे मामांनी निघताना विचारलंच. माझंच राहू दे, म्हटलं. अजून तरी.