गाडी जागी, दादा झोपलेला
परवा रात्री अहमदाबादहून बडोद्याला येताना एक्सप्रेसवेवर दादाचा डोळा लागला, लेन असिस्ट (गाडीला आपोआप लेनमध्ये ठेवणारी सोय) चालू होतं म्हणून गाडी सरळच जात राहिली आणि मला कळलंच नाही, बीप बीप झालं तेव्हा मी त्याला हलवलं. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दांडिया बाजारात घरी पोचल्यावर वाचत बसले. बऱ्याच गाड्या फक्त स्टीअरिंगवरचा हाताचा जोर ओळखतात, म्हणजे झोपेत हात नुसता टेकलेला असला तरी गाडीला वाटू शकतं की माणूस जागा आहे. पापण्या बघणारा कॅमेरा खूप बरा. काही गाड्या आधी बीप, मग ब्रेकचा झटका, तरी कोणी हललं नाही तर चारही इंडिकेटर लावून आपल्याच लेनमध्ये थांबतात, पण मागून ट्रक आला तर?? युरोपात जुलै २०२४ पासून नव्या कारमध्ये पेंग ओळखणारी वॉर्निंग सक्तीची आहे, आपल्याकडेही हवीच. दादाला सांगितलंय, जांभई आली की आणंदला बाहेर पडायचं, चहा घ्यायचा, नाहीतर चावी माझ्याकडे.