माधव जूलियन यांच्या कवितांचा लगक्रम : सहाव्या महिन्याची नोंद

माधव जूलियन यांच्या कवितांचा लगक्रम, म्हणजे प्रत्येक ओळीतील लघू-गुरू अक्षरांचा क्रम, मी वहीत उतरवतो आहे. गेल्या नोंदीत मी कबूल केले होते की, दिवसाला एक कविता हा माझा वेग टिकलेला नाही. आता आठवड्याला दोन कविता होतात, पण पहिल्या दोन महिन्यांतले काम पुन्हा तपासावे लागल्यामुळे वही पुढे सरकण्याऐवजी मागेच गेली आहे. त्याचे कारण सांगण्यासारखे आहे, म्हणून ही नोंद थोडी लांबणार.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात : माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९), हे फारसीचे प्राध्यापक होते. आधी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९२३ मध्ये पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळ या कवींच्या गटात यशवंत, गिरीश यांच्याबरोबर ते होते. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश, १९२७ मध्ये ‘छंदोरचना’ आणि १९३३ मध्ये ‘गज्जलांजली’ प्रसिद्ध झाली. (‘गज्जल’ हे त्यांचेच लेखन, त्यातला जोड ‘ज’ मी मुद्दाम तसाच ठेवतो.) ज्या माणसाने स्वतः छंदःशास्त्र लिहिले, त्याच्याच ओळी मोजायच्या, म्हणजे परीक्षकाचा पेपर तपासण्यासारखे आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे.

आता चुकीकडे येतो. हाताने मोजताना डोळा चुकतो म्हणून मी स्प्रेडशीटमध्ये एक सूत्र बसवले : दीर्घ स्वर गुरू, अनुस्वार असलेले अक्षर गुरू, जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, उरलेली लघू; गुरूच्या दोन मात्रा, लघूची एक. सरावासाठी सर्वांच्या तोंडी असलेली कविता घेतली :

प्रेमस्वरूप आई! वात्सल्यसिंधु आई!
बोलावु तूज आता मी कोणत्या उपायी?

वृत्त आनंदकंद : गागालगा लगागा, गागालगा लगागा (‘गा’ म्हणजे गुरू, ‘ल’ म्हणजे लघू), ओळीत १४ अक्षरे, २४ मात्रा, सातव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. पहिली ओळ सूत्राने बिनचूक सोडवली. ‘स्व’मुळे ‘म’ गुरू होतो आणि वृत्ताला तेथे गुरूच हवा आहे. (लता मंगेशकर यांच्या आवाजातले गाणे ऐकून अनेक जण ‘प्रेमा स्वरूप’ असे लिहितात, त्याचे मूळ बहुधा या गुरू ‘म’मध्येच असावे.) दुसऱ्या ओळीत मात्र ‘कोणत्या’ येथे गाडी अडली. सूत्राने ‘ण’ला गुरू ठरवले, ओळ २५ मात्रांची झाली, आणि मी वहीत तांबड्या शाईने ‘वृत्तदोष?’ असे लिहून ठेवले. ते प्रश्नचिन्ह तरी लिहिले, एवढेच समाधान.

दोष कवीचा नव्हता. ‘कोणत्या’ म्हणताना ‘ण’वर आघात येत नाही, ‘पुन्हा’मधला ‘पु’ किंवा ‘तुम्ही’मधला ‘तु’ जसा हलका राहतो, तसाच हा ‘ण’. मग मी सूत्र बदलले आणि य किंवा ह असलेले जोडाक्षर वगळून टाकले. लगेच पहिली ओळ मोडली, कारण ‘वात्सल्य’मधला ‘स’ हा ‘ल्य’मुळेच गुरू आहे! एकाच कडव्यात एक ‘य’ आघात देतो आणि दुसरा देत नाही, आणि दोन्ही ठिकाणी निवाडा उच्चार करतो. सूत्र काढून टाकले. आता प्रत्येक ओळ आधी मोठ्याने म्हणतो, मग लिहितो. घरच्यांना त्याचा त्रास होतो.

याच ओळीत आणखी एक गोष्ट दिसली. ‘बोलावू’चे ‘बोलावु’ आणि ‘तुज’चे ‘तूज’, म्हणजे एक दीर्घ ऱ्हस्व केला आणि एक ऱ्हस्व दीर्घ. पाचव्या इयत्तेत शुद्धलेखनात ज्याबद्दल गुण कापले जात, ते येथे वृत्तासाठी केलेले आहे. अशा शब्दांसाठी मी वहीत वेगळा रकाना केला आहे.

फारसीच्या बाजूने पाहिले तर हाच लगक्रम ‘मफऊलु फाइलातुन’ दोनदा असा मोडतात, म्हणजे तीन आणि चार अक्षरांचे तुकडे. आपण मराठीत तो ‘गागालगा लगागा’ असा चार आणि तीन मोडतो. ‘सारे जहाँ से अच्छा’ याच चालीवर म्हणून पाहा. सुरेश भटांची ‘केव्हातरी पहाटे उलटून रात गेली’ ही ओळही त्यातच बसते, फक्त ‘उलटून’मध्ये एका गुरूऐवजी दोन लघू येतात. ‘प्रेमस्वरूप’च्या वरच्या दोन ओळींत तशी सवलत कोठेही घेतलेली नाही.

पुढच्या महिन्यात फारसी कवी उमर खय्यामचे अनुवाद घेणार आहे. पटवर्धनांनी १९२९ मध्ये मूळ फारसीवरून त्याच्या रुबाया (चार ओळींच्या कविता) मराठीत आणल्या आणि १९३१ मध्ये ‘द्राक्षकन्या’ फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अनुवादावरून केली. दोन्हींची वृत्ते शेजारी ठेवून पाहायची आहेत. माझ्या ‘द्राक्षकन्ये’ची शेवटची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, त्यामुळे कोणाकडे धड प्रत असल्यास तेवढ्या पानांची छायाचित्रे मिळाली तर काम अडणार नाही.